तयार हात

दि. ११ डिसेंबर
माडीवरच्या खोलीतून

चि. धाकट्यास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तिकडेही ठीकच असेल असं धरून चालतो, कारण तू आपणहून काही कळवणार नाहीस. त्या दिवशी परतीची गाडी मिळाली का, बसायला जागा होती का, खोकला थांबला का, काहीच कळलं नाही. मी वाट बघत राहिलो. शेवटी सूनबाई म्हणाली, "बाबा, काका पोचले नसते तर आत्तापर्यंत कळलं असतं." हिचं बोलणं असंच असतं. बरोबर असतं, पण त्याने काळजी जात नाही.

फोन करता आला असता. पण तुझा फोन गल्ल्यावर पडलेला असतो आणि तू तो मोठ्या आवाजावर लावून पाव बांधत बसतोस. मागे मी माझ्या गुडघ्याचं सांगत होतो, तर तुझ्या कुणा गिऱ्हाइकाने मधूनच मला तेल सुचवलं. म्हणून कागद घेतला. अक्षर वाकडं येतं आहे, समजून घे. थंडीने बोटं आखडतात. शिवाय चौथीनंतर मी लिहिलं ते कुणाकडे किती पाव पोचवायचे एवढंच, त्याला काही वळण लागत नाही.

जुनी भट्टी पाडून झाली. तू बघितलीस तीच तिची शेवटची आग. विटा मागच्या अंगणात रचून ठेवल्या आहेत. गवंडी म्हणाला, आतल्या विटा काढताना अजून कोमट होत्या. मुलाने आणलेली विजेची भट्टी कपाटासारखी दिसते. दार उघडलं की आत दिवा लागतो. कामगार तिला फ्रीज म्हणतात आणि मुलगा चिडतो. पाव चांगला होतो. वरून जरा गोरा राहतो, पण लोक काही म्हणत नाहीत. लोकांना सवय होते.

तू आलास ते बरं केलंस. इतक्या वर्षांनी तू त्या दारातून आत आलास तेव्हा मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी तुला चपला बाहेर काढायला सांगितल्या. ते मनाला लावून घेतलं नसशील.

आणि मग तू बाही वर केलीस. ते सारखं डोळ्यांसमोर येतं. सगळे कामगार उभे, मुलगा उभा, आणि तू पोत्याचं फडकं न घेता भट्टीच्या तोंडातून ट्रे ओढलास, दोन्ही हातांत धरून सगळ्यांसमोरून फिरवलास आणि म्हणालास, "दादा, बघ. लोण्याचा हात तयार झाला. अण्णा असते तर?" पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बाप असून अण्णांनी तुला सगळ्यांदेखत लोणी म्हटलं, मग कामगार म्हणायला लागले, मग गल्ली म्हणायला लागली, आणि तू ओल्या फडक्यात हात गुंडाळून घर सोडलंस, तेव्हा मी तिथेच फावड्याला टेकून उभा होतो. तेव्हा आपल्याकडे हीच रीत होती. उघड्या हाताने गरम ट्रे काढता आला की हात तयार. मग भट्टी त्याची. माझा झाला, तुझा झाला नाही. म्हणून तुझी हौस मला कळते.

एक विचारतो, उगाच. हे कधीपासून आहे? म्हणजे हात कधीपासून भाजत नाही? पाच-दहा वर्षांपासून, की अलीकडे? आणि चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहते का? मला हल्ली असं होतं म्हणून विचारलं. पेला धरताना करंगळी बाहेरच राहते का? अंगावर कुठे फिकट चट्टा आहे का, ज्यावर घाम येत नाही? पाठीवर असेल तर बायकोला बघायला सांग. आरशात भुवयांची टोकं बघ.

माझ्याही अंगावर एक चट्टा आहे. दवाखान्यात दाखवला. गोळ्या दिल्या आहेत. विशेष काही नाही.

आणि सध्या ट्रे फडक्याने काढ. तयार हात असला तरी काढ. वय झालं आपलं.

तुझ्या मंडळींना आशीर्वाद. उत्तर लिही. फोन करू नकोस.

तुझा,
दादा


दि. २९ डिसेंबर

धाकट्या,
आशीर्वाद.

लिहू नको म्हटलं असतं तर तू लिहिलं असतंस. फोन करू नको म्हटलं, तर केलास. असो. आवाज ऐकला.

तू म्हणालास, "दादा, आयुष्यभर भट्टी तुझी होती. आता माझा एक हात तयार झाला तर तुला एवढं का झोंबतंय?" मागे कुणीतरी हसलं. मग तू म्हणालास, "माझ्या भुवया मोजतोय, चपला मोजतोय. म्हातारपणी नजर लावतोस का?" मग म्हणालास, रोज सकाळी पहिले ट्रे तू उघड्या हाताने काढतोस आणि गिऱ्हाइकं बघायला थांबतात. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. माझ्याजवळ दुसरं काही बोलायला होतं, पण ते तुझ्या गल्ल्यावर मोठ्या आवाजात वाजलं असतं.

चूक माझी. पहिल्या पत्रात मी गोल गोल लिहिलं. मी हेव्याने लिहिलं असं तुला वाटलं, यात तुझा दोष नाही. आता सरळ लिहितो. हे वाचताना दार लावून घे. चहाला कुणी येणार असेल तर नंतर वाच.

मला कुष्ठरोग झाला आहे. आपल्या लहानपणी ज्याला महारोग म्हणायचे आणि तेही हळू आवाजात म्हणायचे, तो.

शब्द लिहिला. पेन अडलं नाही. मला वाटलं होतं अडेल. थंडीने बोटं आखडतात असं मागे लिहिलं ते खरं नव्हतं. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट सरळ होत नाही, थंडी असो की ऊन. मी पेन तीन बोटांत धरून लिहितो आहे.

कसं कळलं ते सांगतो, कारण त्यात तुझ्या कामाचं आहे. तू गेल्यावर आठवड्याभरात दाढीला गेलो होतो. न्हावी म्हणाला, "काका, भुवया कुठे गहाण टाकल्या?" मी म्हटलं, भट्टीवाल्याला भुवया कुठल्या, त्या जळतातच. तो हसला, मीही हसलो. घरी येऊन मी तो विनोद सूनबाईला सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, तुम्ही गुडघ्यामुळे भट्टीवर उभं राहणं सोडलंत त्याला तीन वर्षं झाली. मग अजून उगवल्या का नाहीत?" मी म्हटलं, वय. ती म्हणाली, "आणि हात? काम सुटलं की घट्टे जातात. माझ्या आईचे गेले. तुम्ही काल दुधाचं उकळतं पातेलं हाताने उतरवलंत." मग तिने माझी कॉलर मागे ओढून मान बघितली. सासऱ्याची मान अशी कुणी बघतं का. पण बघितली, आणि दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई तरुण आहे. नाकात बोलते, सर्दी असेल. तिने मला डोळे मिटायला सांगितलं. म्हणाली, "मी पेनाचं टोक लावीन. जिथे लागेल तिथे बोटाने दाखवा." मी डोळे मिटून बसलो. बाहेर कुणीतरी बादली सरकवत होतं. बराच वेळ गेला तेव्हा मी म्हटलं, "बाई, सुरू करा."

ती म्हणाली, "झालं काका. उघडा डोळे."

हातावर आणि पायावर निळे ठिपकेच ठिपके होते.

मग तिने कोपराच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं. तिथे एक शीर दोरीसारखी जाड झाली आहे. मलाही बोट लावून दाखवलं. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन जरासा द्रव काचेवर घेतला. कळलं नाही. मग तिने नाव सांगितलं. मी तिच्या टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होतो. त्याची एक बाजू गंजली होती. मला वाटलं आता काहीतरी होईल, छातीत धस्स होईल, रडू येईल. काही झालं नाही. घरी आलो, चहा प्यायलो, खाली जाऊन पिठावरचं झाकण नीट आहे का बघितलं. मग आठवलं, आपण आता पिठाजवळ जायचं की नाही. तसाच वर आलो. तेव्हापासून बराच वेळ वरच असतो.

बाई म्हणते वर बसायचं काही कारण नाही. गोळ्या सुरू झाल्या की हा रोग पुढे जात नाही. पावातून जात नाही, भांड्यातून जात नाही. शंभरातल्या पंचाण्णव माणसांना तो मुळात होतच नाही, त्यांच्या अंगातच ताकद असते. वर्षानुवर्षं एका घरात राहिलं, उपचार न घेतलेल्या माणसाचा श्वास सोबत असला, तर उरलेल्यांतल्या कुणाला होतो, आणि झाला तरी दिसायला कधी वीस वर्षं, कधी त्याहून पुष्कळ जास्त लागतात. हे सगळं तिने दोनदा सांगितलं. मला कळतं आणि पटत नाही. मी माझा कप वेगळा ठेवायला लागलो तर सूनबाई म्हणाली, "तुमचं हे सोवळं मला परवडत नाही, एक कप घासायला मी दोनदा पाणी तापवणार नाही." आणि तो कप बाकीच्या कपांत टाकून दिला. आता तो कुठला ते मलाही ओळखता येत नाही.

डॉक्टरीणबाईने एक विचारलं होतं, ते तुला सांगायचं आहे. ती म्हणाली, "घरात आधी कुणाचे हात असे होते?"

मी म्हटलं, "वडिलांचे होते. पण ते भट्टीने. भट्टीने त्यांची बोटं खाल्ली."

आपण हेच म्हणायचो ना? आई म्हणायची, कामगार म्हणायचे. त्यांची तीन बोटं अर्ध्यावर आलेली, नखं कुठेतरी आत गेलेली. आपल्याला त्याचं भूषण होतं. शाळेत मी सांगायचो, आमच्या अण्णांची बोटं भट्टीने खाल्ली.

ती म्हणाली, "काका, भट्टी भाजते. बोटं खात नाही."

 तीच पुढे म्हणाली, की जंतूही खात नाही. तो फक्त शिरा मारतो. मग माणसाला भाजतं, कापतं, आणि कळत नाही. कळत नाही म्हणून तो हात मागे घेत नाही. जखम चिघळते, पुन्हा त्याच जागी भाजतं, आतलं हाड झिजत जातं. तिने हे असं सांगितलं जसं आपण कुणाला पीठ का फुगलं नाही ते सांगू.

धाकट्या, मी तेव्हापासून त्याच एका गोष्टीवर आहे. हात मागे घेणं. तू घ्यायचास. ट्रेला बोट लागलं की तुझा हात आपोआप मागे जायचा, डोळ्यांत पाणी यायचं आणि अण्णा ओरडायचे. भट्टीपुढे उभे राहणारे आपण तिघं. तिघांत एकाचाच हात शाबूत होता, आणि त्याला आपण लोणी म्हणून हाकललं.

तुला भिंतीवरचा आठवतो का? मागच्या गल्लीत, कोळशाच्या वखारीच्या भिंतीवर बसायचा. पायाला चिंध्या, हातात पत्र्याचा डबा. डबा वाजला की आई आपल्याला आत ओढायची. अण्णा त्याला रोज कालचा पाव द्यायचे, पण हातात नाही. लांब दांड्याच्या फावड्यावर ठेवून भिंतीवर सरकवायचे. त्या फावड्याला आपण हात लावला तर मार मिळायचा.

मी तिथे एकदा होतो. तू नव्हतास, तू तेव्हा फार लहान. अण्णांनी पाव सरकवला. त्याने तो घेतला, आणि फावडं सोडलं नाही. धरून ठेवलं. फावड्याच्या एका टोकाला त्याचे हात आणि दुसऱ्या टोकाला अण्णांचे. तो दोघांच्या हातांकडे बघत होता. मग म्हणाला, "मालक, तुम्हाला भट्टी आहे. मला नव्हती."

मला वाटलं तो कामधंद्याचं बोलतोय. गरीब माणूस आहे, भट्टी नाही, म्हणून भीक मागतो. इतक्या वर्षांत मी दुसरा अर्थ लावला नाही.  दुसऱ्या दिवसापासून अण्णा पाव स्वतः नेऊन भिंतीवर ठेवायला लागले. फावडं वापरलं नाही. पुढे एक गाडी आली आणि त्याला आणि त्याच्यासारख्या आणखी काहींना घेऊन गेली, टेकडीपलीकडच्या वस्तीत. त्या दिवशी अण्णांनी भट्टी पेटवली नाही. आई म्हणाली, सरपण ओलं आहे. सरपण ओलं नव्हतं, मीच ते रचलं होतं.

मी डॉक्टरीणबाईला विचारलं, हे कशाचं फळ म्हणायचं. आपल्यासारखा माणूस दुसरं काय विचारणार. ती म्हणाली, "काका, हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. चार हजार वर्षं लोक हेच विचारतायत." मग तिने रुग्ण संपेपर्यंत मला बाकावर बसवलं आणि नंतर सांगत बसली. मातीखाली हजारो वर्षांपूर्वीचे सांगाडे मिळाले आहेत, त्यांच्या हाडांवर हाच रोग आहे. एके काळी काही मुलखांत असल्या माणसाच्या हातात घंटा द्यायचे, म्हणजे लोकांना आधीच बाजूला होता यावं. कुठे कुठे तर जिवंत माणसाला उभं करून त्याच्यावर मेलेल्याचे मंत्र म्हणायचे, पायावर माती टाकायचे, आणि मग सांगायचे, जा, तू आता मेलास. बेटांवर नेऊन सोडायचे. वस्त्यांना कुंपण घालायचे. आतल्या लोकांसाठी वेगळी नाणी पाडायचे, की त्यांनी हाताळलेला पैसा बाहेर येऊ नये. नवऱ्याला किंवा बायकोला हा रोग झाला की लग्न मोडता येईल असे कायदे होते, आणि ते काही ठिकाणी अगदी परवापरवापर्यंत होते. जंतू भिंगाखाली दिसला त्याला दीडशे वर्षं झाली. गोळ्या निघाल्या त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. "जंतू गोळीने मरतो," ती म्हणाली, "हे बाकीचं मरत नाही."

मी ऐकत होतो आणि मला फक्त तो पत्र्याचा डबा ऐकू येत होता. फार वाईट वाटलं असं म्हणवत नाही. काहीच धड वाटत नाही हल्ली. बाईला तेही विचारलं, की मनालाही हे होतं का. ती म्हणाली, नाही, ते वेगळं. मग म्हणाली, पण होतं पुष्कळांना.

आता पाटीचं. आपल्या दुकानाच्या पाटीवर अण्णांचा हात रंगवला आहे, पाव धरलेला. रंगारी काढायला बसला तेव्हा तू होतास, शिडी तूच धरली होतीस. त्याने विचारलं होतं, मालक, बोटं पूर्ण काढू का, चांगली दिसतील. अण्णा म्हणाले, "जसा आहे तसा काढ." आपल्याला वाटलं, काय हा ताठा. आता मला वाटतं, त्यांना ठाऊक होतं. किंवा नव्हतं. भिंतीवरचा बोलला तेव्हापासून ठाऊक असेल आणि भट्टीच्या आड आयुष्य काढलं असेल. त्यांना विचारायला ते नाहीत. इतकी वर्षं सगळं गाव त्या हाताखाली उभं राहून पाव घेतं, मुलांना उचलून तो हात दाखवतं. आणि तू तोच हात, तीच तीन बोटं, तुझ्या दुकानावर रंगवून घेतलीस. तू मला अभिमानाने फोटो पाठवला होतास.

मुलगा म्हणतो पाटी उतरवू. सूनबाई म्हणते राहू दे. 

आता मुख्य ते. हे लिहायला मला तीन दिवस लागले. मधेच उठून मी दाराला कडी आहे का बघून येतो.

तुझा हात तयार झालेला नाही. मला तसं वाटतं. तुझ्या हाताला तेच झालं आहे जे माझ्या हाताला झालं आहे आणि अण्णांच्या हाताला झालं होतं. मी काही डॉक्टर नाही, पण ज्या माणसाचा हात अठराव्या वर्षी भट्टीपुढे रोज भाजायचा आणि कातडी कधी घट्ट झाली नाही, त्याचा हात पासष्टीला एकाएकी तयार होत नाही. त्या दिवशी ट्रे ठेवल्यावर तुझ्या तळहातावर फोड आला होता. मी बघितला. तू बघितला नाहीस. तू हसत होतास.

तुझ्याकडून हे काढून घ्यायला मला नको वाटतं. तू एका शब्दासाठी घर सोडलंस, दुसऱ्या गावात परक्यांकडे पीठ मळलंस, स्वतःची भट्टी उभी केलीस, आणि म्हातारपणी एकदाचा तो हात घेऊन या दारात आलास. मी टाळ्या वाजवल्या आणि आता मीच कागदावर लिहितो आहे की तो रोग आहे. मला दुसरा कुणी सापडला असता तर मी त्याला लिहायला सांगितलं असतं.

पण बाई एक म्हणाली. मी तिला तुझं सांगितलं, धाकटा भाऊ म्हणून, नाव सांगितलं नाही. ती म्हणाली, तुमचं जे गेलं ते बहुधा परत येणार नाही, आहे ते राखू. पण त्यांचं नुकतंच झालं असेल, काही महिन्यांचं, तर शीर वाचवता येते. औषध आहे. कधी कधी जाणीव परत येते. मात्र आत्ता. उन्हाळ्यात बघू असं नाही.

म्हणून मी विचारलं होतं, कधीपासून. हेवा नव्हता रे.

येत्या सोमवारी मी सकाळच्या गाडीने येतो. सूनबाई बसवून देईल. गुडघ्याचं मी बघून घेईन. तुझ्या दुकानात सांग, म्हातारा भाऊ आजारी आहे, त्याला दवाखान्यात दाखवायला नेतो आहे. त्यात खोटं काही नाही. कुणी विचारलं कशाने आजारी, तर माझं नाव घे, माझ्या रोगाचं नाव घे. माझं आता दुकान नाही, मुलाचं आहे, आणि तो मोठा आहे. आत गेल्यावर मी आधी बसेन, मग तू बस. डोळे मिटायला सांगतील. अंदाजाने बोट दाखवू नकोस. तुला सवय आहे, लागलं नाही तरी लागलं म्हणायची, आणि अण्णांसमोर उलटं. तिथे कुणी अण्णा नाहीत. लागलं तर लागलं म्हण. नाही तर गप्प बस, मी शेजारी असेन.

घरातल्या सगळ्यांनाही तपासून घ्यायचं आहे. त्यांना एकदाच एक गोळी देतात, बस. तुला वर्षभर घ्याव्या लागतील. पैसे पडत नाहीत. पहिल्यांदा लघवी लाल होते, घाबरू नकोस, मी घाबरलो आणि सगळं घर उठवलं. अंगाचा रंग काळवंडतो. सूनबाई मला म्हणते, बाबा, तुम्ही आता वरून चांगले भाजले गेलात, फ्रीजमधल्या पावापेक्षा.

आणि तोपर्यंत ट्रेला हात लावू नकोस. गिऱ्हाइकं थांबतील, बघतील, जातील. त्यांना सवय होते.

हे पत्र फाडून टाक असं लिहिणार होतो. नको. राहू दे. नाहीतर पुन्हा भट्टीने खाल्ली असं सांगत बसतील आपले लोक.

लहानपणी तू भाजून घेतलंस की मी तुझा हात माठात बुडवून धरायचो आणि तू ओरडायचास, "दादा, आग होते, आग होते." ते ऐकायची माझी फार इच्छा आहे. लोण्या, तुझा हात अजून भाजो. दुसरा आशीर्वाद मला सुचत नाही.

सोमवारी स्टेशनवर ये.

दादा